पोरगी पाण्यात असताना पुस्तक मिटू नये

प्रकरणाच्या शेवटी माणसाला कड्यावर लोंबकळत ठेवून पान संपवणाऱ्या लेखकांवर माझा जुना राग आहे. वाचकाची उत्सुकता वाढावी म्हणून करतात म्हणे. वाढू दे की, पण त्या लोंबकळणाऱ्याचं काय? त्यानं रात्रभर तसंच राहायचं? मी अजूनही कुठलंही पुस्तक प्रकरणाच्या शेवटी मिटत नाही. पुढच्या प्रकरणात शिरते, माणूस जमिनीवर आला, अंग पुसलं, चार घास खाल्ले, की मग खूण घालते. घरातले हसतात, हसू देत. ही शिस्त मला कुठल्या शाळेनं लावलेली नाही. ताडकळसजवळच्या आमच्या खेड्यात, एका बाजेच्या उशाशी बसून ती लागली.

मी तेव्हा सहावीत होते. शाळेच्या वाचन स्पर्धेत पहिली आले आणि बक्षिसात कंपासपेटी मिळणार अशी माझी खात्री होती. गुरुजींनी हातात पुस्तक ठेवलं तेव्हा माझं तोंड एवढंसं झालं. कुठल्या तरी थंड मुलखात मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलेली कादंबरी होती, मराठीत आणलेली. वर एक पोरगी छातीशी मडकं धरून वाऱ्यात उभी होती. कंपासपेटी मिळालेल्या दुसऱ्या नंबरच्या पोराशी मी अदलाबदल करायला तयार होते, पण तो काही खुळा नव्हता.

गोष्ट अशी होती. एका जादूच्या मुलखात एक अवाढव्य, आंधळ्यासारखा चाचपडत हिंडणारा राक्षस असतो. उजेड त्याला सहन होत नाही, म्हणून तो लांबूनच फुंकर मारून गावोगावचे दिवे विझवत सुटतो. मुलखात अंधार पडतो. शेवटच्या एका घरात चुलीतला विस्तव तेवढा उरतो. तो मडक्यात घालून मुलखाच्या टोकाला, समुद्रकाठच्या दीपगृहापर्यंत न्यायचा. तिथला मोठा दिवा पेटला की सगळीकडे पुन्हा उजेड होणार. हे काम त्या घरातल्या पोरीवर येतं. सोबतीला एक बोलणारं खेचर, सारखं कुरकुरणारं, आणि एक म्हातारा, जो जन्मभर नकाशे काढत आला पण स्वतः हमखास वाट चुकतो.

माझी आत्या त्या हिवाळ्यात आमच्याकडं बाळंतपणाला आली होती. खरं म्हणजे झोपायला आली होती. आधीची तिची दोन्ही बाळं पोटातच गेली होती. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी बजावून सांगितलं होतं, की दिवस भरेपर्यंत बाजेवरून उठायचं नाही. बाजेच्या पायथ्याच्या खुरांखाली विटा घातल्या होत्या, त्यामुळं तिचे पाय वर आणि डोकं खाली. दिवसभर ती वरच्या माळवदाची लाकडं बघत पडलेली असे. लग्नाआधी हीच आत्या गल्लीच्या या टोकाला हसली की त्या टोकाला ऐकू जायचं. आता पोटाला हिसका बसेल या भीतीनं ती हसत नव्हती, शिंकसुद्धा दाबून धरायची. मला तिचं ते गप्प पडणं बघवत नव्हतं.

तिच्या नवऱ्याला आमच्याकडच्या रीतीनं मी मामा म्हणायची. सोनपेठकडचं मेंढरांचं घर. हिवाळ्यात ते लोक कळप घेऊन गावोगाव हिंडतात, रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात आणि लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घेतात. त्या वर्षी मामांनी कळप आमच्याच बाजूच्या रानांत आणला होता. बाजारच्या दिवशी ते यायचे. खांद्यावर घोंगडी, हातात मेंढीच्या दुधाचा तांब्या. तांब्या माझ्या मायजवळ द्यायचे आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे. आत बाजेकडं मान वळवायची नाही, बायकोशी एक शब्द बोलायचा नाही. मोठ्या माणसांसमोर नवराबायकोनं बोलायचं नसतं, ही तेव्हाची रीत होती, हे मला माहीत होतं. तरी मला त्यांचा संताप यायचा. त्यांच्या घरी दुसरीचं बोलणं सुरू झालंय असं कानावर येत होतं, आणि हा माणूस भिंतीला टेकून विडी ओढत बसलाय. मी त्यांना पाणी द्यायची ते ठणकन तांब्या आपटून.

पुस्तक मी आत्याजवळ बसून वाचायला लागले ते मला करमत नव्हतं म्हणून. माय रानात कापूस वेचायला जायची. शाळेतून आलं की घरात आत्या आणि शेजारची मावशी, दोघीच. मावशीला वय झाल्यामुळं रान झेपत नव्हतं, म्हणून ती आमच्या ओसरीवर बसून अर्धवट उमललेल्या बोंडांतला कापूस काढायची आणि आत्याकडं लक्ष ठेवायची. मावशीला अक्षरओळख नव्हती. पण गावात श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागली की पहिल्या ओळीत ती, आणि पोथीचे सगळे नियम तिला तोंडपाठ.

मी पुस्तक उघडलं आणि मावशीनं हातातलं बोंड खाली ठेवलं. हातपाय धुतलेस का, म्हणाली. मी म्हटलं, ही पोथी नाही, गोष्टीचं पुस्तक आहे. तिला तो फरक पटला नाही. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यांनी ऐकायचं म्हणजे पोथीच. मला उठून हातपाय धुवावे लागले. पाट मांडला, पाटावर पुस्तक ठेवलं, आणि मुखपृष्ठावरच्या त्या परक्या पोरीच्या कपाळाला मावशीनं हळदीकुंकू लावलं. ती हळद अजून त्या पुस्तकावर आहे. आत्या उताणी पडल्या पडल्या हे बघत होती आणि मला वाटतं, तिच्या तोंडाचा कोपरा तेव्हा पहिल्यांदा जरासा हलला.

पोथीला नुसता वाचणारा पुरत नाही, अर्थ सांगणाराही लागतो. ते काम मावशीनं कुणी न सांगता घेतलं. मी चार ओळी वाचायच्या, मग मावशीनं त्या आमच्या बोलीत सांगायच्या, आणि सांगता सांगता पदरचं घालायचं. दीपगृह म्हणजे काय हे मलाही नीट माहीत नव्हतं. मावशीनं ठरवलं, की ती देवळापुढची दीपमाळ, फक्त लय उंच. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. मावशी म्हणाली, गोदावरीला पूर आलाय आणि पलीकडचा काठच वाहून गेलाय असं समजा. पुढं मोठेपणी मी समुद्र पाहिला तेव्हा मला तिचंच वाक्य आठवलं, आणि ते काही फारसं चुकलेलं नव्हतं.

पहिलं प्रकरण लाकडी पूल मोडतो तिथं संपत होतं. पोरगी मडकं डोक्यावर धरून गळ्याइतक्या पाण्यात, आणि पान संपलं. शाळेत धडा संपल्यावर मिटतो तसं मी पुस्तक मिटायला गेले.

"मिटू नको," मावशी म्हणाली. "पोरगी पाण्यात हाय."

"प्रकरण संपलं, मावशे."

"परकरण संपलं आसंल. पोरगी निघाली का?"

तिचं म्हणणं असं, की पोथीतलं माणूस संकटात असताना पोथी मिटत नाहीत. देवळात वीर मूर्च्छित पडतो तो अध्याय लागला, की सगळं गाव जागत बसतं आणि तो उठून बसल्यावरच घरी जातं. तसंच सोडून गेलं तर ते संकट ऐकणाऱ्याच्या घरात मुक्कामाला येतं. ऐकणाऱ्याच्या घरात, म्हणताना तिनं बाजेकडं बघितलं नाही. तरी आम्हा तिघींना कळलं. मी पुढचं प्रकरण उघडलं. पोरगी काठाला लागली, खेचरानं तिला शेपूट धरायला दिलं होतं आणि त्याबद्दल ते पानभर कुरकुरत होतं. आत्या हसली. पोट हातानं धरून, अंग न हलवता, पण आवाज करून हसली. तरी मावशी मिटू देईना. अंग पुसलं का तिनं? काही खाल्लं का? पोरीला एका गोठ्यात पाव आणि दूध मिळालं तेव्हा कुठं कडब्याचं पान खुणेला घालून पुस्तक पाटावर गेलं.

तेव्हापासून आमचे मुक्काम लेखकाच्या मुक्कामांशी कधी जुळले नाहीत. तो कड्यावर थांबायचा, आम्ही गोठ्यात, नाहीतर एखाद्या म्हातारीच्या चुलीपाशी. खूण नेहमी प्रकरणाच्या मधोमध. अंधार पडायच्या आत पुरं व्हावं म्हणून मी वाचतानाच पुढं डोळा टाकायला शिकले, की कुठं छप्पर दिसतंय का, कुठं भाकरीचा वास येतोय का.

मावशीचा लेखकाशी एक वादही चालू होता. तो बरेच दिवस मिटला नाही. फुंकर मारून विस्तव विझवायला निघालेला राक्षस तिला मान्यच नव्हता. "दिवा फुकला की इझतो," ती म्हणायची, "इस्तू फुकला की फुलतो. ह्या लिवणाऱ्याच्या घरी चूल न्हवती का?" विस्तव वाऱ्यातून कसा न्यावा हेही तिनं पुस्तकातल्या पोरीला मोठ्यानं सांगून ठेवलं होतं. खाली गोवरीचा तुकडा, वर राख दाबून. पोरीनं दोन दिवसांनी तेच केलं, तेव्हा मावशीनं आमच्याकडं असं बघितलं, की जणू निरोप पोचला.

आत्याचं मात्र वेगळंच चाललं होतं. मडक्यातला विस्तव मंदावला असं वाक्य आलं की तिचा हात पोटावर जायचा. मी लहान असले तरी मला ते दिसत होतं. एकदा मावशी पाण्याला गेली असताना ती मला जवळ ये म्हणाली आणि हळूच विचारलं, की शेवटी पोचतो का तो विस्तव. मी म्हटलं, मागचं पान बघून सांगू? मी पुस्तक उचललंही होतं. तिनं माझं मनगट धरलं.

"बघू नको," ती म्हणाली. "न्हाई बघितलं तवर तो पेटल्याला हाय."

मी पुस्तक पाटावर ठेवून दिलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की ती नुसती घाबरलेली नाही. ती रात्रंदिवस काहीतरी घट्ट धरून पडलेली आहे. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी उगाच बोंडं फोडत बसले.

तो काळ नामांतराचा होता. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न मधून मधून पेटायचा आणि त्याची धग आमच्या खेड्यापर्यंत यायची. माझ्या बाकावर बसणारी, बौद्धवाड्यातून येणारी मैत्रीण शाळेत यायची बंद झाली होती. का, ते आम्हाला कुणी नीट सांगत नव्हतं. मोठी माणसं दाराआड बोलायची आणि आम्ही गेलो की ज्वारीच्या भावावर यायची. बंद असला की एसटी बंद. रस्त्यावर दगड मांडलेले असायचे. बाकावरची तिची जागा मी तशीच मोकळी ठेवत असे, दुसरं मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

असाच बंद होता त्या दिवशी आत्याला आठवा महिना लागून थोडेच दिवस झाले होते. सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही, असं सगळ्या बायका म्हणायच्या. खरंखोटं देव जाणे, पण ते तिच्या कानावर पडत होतं. मी वाचत होते. पोरगी एका गुहेत शिरली होती. खेचर आणि नकाशेवाला म्हातारा वादळात मागं राहिले होते. बाहेर राक्षस चाचपडत आला. त्यानं गुहेच्या तोंडाला तोंड लावलं. पोरीनं मडकं पोटाशी धरलं आणि त्याच्यावर वाकून बसली. राक्षसानं श्वास आत ओढला. इथं प्रकरण संपलं. मी पान उलटत होते तेवढ्यात आत्या म्हणाली, मावशे, जरा बघ.

पुढं सगळी धावपळ झाली. मावशीनं पातळ बघितलं आणि मला रानात पिटाळलं. माय आली, वडील आले. बाळ वेळेआधीच निघालं होतं, आणि घरी करण्यासारखं ते नव्हतं. एसटी नाही, जीप कुणी काढायला तयार नाही. शेवटी गावातल्या एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर दिला. ट्रॉलीत कडबा पसरला, त्यावर गोधड्या, गोधड्यांवर आत्या. माय आणि मावशी दोन्ही बाजूंना बसल्या, वडील पुढं. मला सांगितलं, घर सांभाळ, चुलीतला विस्तव झाकून ठेव आणि रात्री मावशीच्या सुनेकडं झोप. मी ट्रॉलीच्या कडेला लोंबकळून उभी होते. आत्याचे ओठ पांढरे पडले होते. तिनं पुन्हा माझं मनगट धरलं.

"तिला तशीच ठिऊ नको," ती म्हणाली. "काढ तिथून."

ट्रॅक्टर वळणाआड गेला आणि मी घरात आले. बाज रिकामी होती, पायथ्याशी विटा, पाटावर पुस्तक उघडंच. मी हातपाय धुतले, बसले आणि अडले. ऐकणारं कुणी नसताना पोथी वाचत नाहीत, हाही मावशीचाच नियम होता. भिंतींना वाचलेलं भिंतीतच राहतं म्हणे. मावशीच्या सुनेला बोलवायला गेले तर ती रडणाऱ्या पोराला घेऊन चुलीपुढं होती, म्हणाली, आत्ता कसली गं गोष्ट? मी परत आले. दिवेलागण व्हायला आली होती. पोरगी गुहेत, राक्षसाचा श्वास भरलेला, आणि माझ्याजवळ एक माणूस नाही. इतकं एकटं मला आयुष्यात क्वचित वाटलंय.

तेव्हा मामा आले. रानात कुणीतरी सांगितलं होतं, तसे ते ढेकळं तुडवत पळत आले होते. पायांत वहाणा नव्हत्या. दारात उभे राहून त्यांनी रिकामी बाज बघितली. त्या बाजेकडं त्यांनी सरळ बघितल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. कधी गेले, कशानं गेले, एवढंच विचारलं. गल्लीतल्या एकाला त्यांनी सायकल आणायला पिटाळलं होतं. ती येईपर्यंत त्यांना अंगणात उभंही राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. शेकड्यानं मेंढ्यांची पिल्लं त्यांनी स्वतःच्या हातांनी ओढून काढली होती, आणि आता तेच हात घोंगडीचा काठ पिळत होते.

मी बारा वर्षांची पोर, पण त्या माणसावरचा सगळ्या हिवाळ्याचा राग माझ्या आवाजात आला. मी म्हटलं, बसा इथं, मला वाचायचंय आणि ऐकायला माणूस पाहिजे, आत्यानं सांगितलंय. मला वाटलं, ते मला झिडकारतील. ते खाली बसले. ओसरीवर नाही, उंबऱ्याच्या आत, बाजेशेजारी. मी कंदील जवळ ओढला आणि पान शोधायला लागले, तेव्हा ते म्हणाले,

"खेचर कुठं हाय? त्ये संगं न्हाई का तिच्या?"

तुम्हाला कसं माहीत, मी विचारलं. हळूहळू त्यांनी सांगितलं. बाजारच्या दिवशी ओसरीवर बसून ते सगळं ऐकत होते. ऐकलेलं रात्री रानात, कळप बसल्यावर, शेकोटीपाशी बाकीच्या मेंढक्यांना सांगत होते. मधल्या दिवसांचं त्यांना माहीत नसायचं, तेवढं ते आपल्या मनानं जुळवायचे. त्यांच्या गोष्टीत पोरीबरोबर एक एडकाही होता, कारण एवढ्या लांबच्या वाटेला नुसतं खेचर काय कामाचं? रानातले सगळे गडी त्या विस्तवाच्या काळजीत होते.

"आतून हिचं हसणं यायचं," मामा जमिनीकडं बघत म्हणाले. "त्याच्यासाठी बसायचो मी."

माझा राग कुठल्या कुठं गेला. त्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही. ज्या माणसाला मी विडीबहाद्दर समजत होते, तो भिंतीच्या पलीकडं बसून बायकोबरोबर एकच गोष्ट ऐकत होता. त्या दोघांना तेवढंच एकत्र करता येत होतं.

मी वाचायला लागले. दोनतीन ओळी झाल्या असतील, अंगणात सायकलची घंटी वाजली. सायकल आणणारा ओरडला, मामा, चला, सायकल आणली, हवा भरलीय, निघा. बाहेरून पुन्हा हाक आली. मी थांबले. मामांचं सगळं अंग दाराकडं ओढ घेत होतं, ते मला दिसत होतं. पण त्यांनी हात वर करून बाहेरच्याला थांबवलं.

"दम धर," ते म्हणाले. "पोरगी आत हाय आजून."

मग मी वाचलं. राक्षसानं फुंकर मारली. डोंगर हलेल अशी. मडक्यावरची राख उडाली, आणि खाली दाबलेला विस्तव लाल झाला. त्यानं आणखी जोरात फुंकलं, विस्तव आणखी फुलला. जन्मभर दिवेच विझवलेल्या त्या राक्षसाला हे माहीतच नव्हतं. मडक्यातून जाळ उठला, गुहा उजेडानं भरली, आणि एवढ्या जवळून उजेड कधी न पाहिलेला राक्षस डोळे झाकून उलट्या पावलांनी पळाला. लेखकाच्या घरी चूल होती म्हणायची. मावशीचा वाद तिथंच निकालात निघाला आणि नेमकी ती ऐकायला नव्हती. मामा हसत होते की रडत होते हे कंदिलाच्या उजेडात मला नीट कळलं नाही. डोकं मात्र हलवत होते, हो, हो, असं. पोरगी गुहेच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडली. नकाशेवाला म्हातारा नेहमीसारखा वाट चुकला होता, आणि चुकत चुकत खेचराला घेऊन नेमका त्याच तोंडाशी आला होता.

मामा उठले. घोंगडी डोक्यावरून घेतली. उंबऱ्यावर थांबून मागं वळले आणि विचारलं, "खाल्लं का तिनं?"

"भाकर खाल्ली," मी म्हटलं. पुस्तकात पाव होता.

मग ते गेले. मी कडब्याचं पान खुणेला घातलं, पुस्तक पाटावर ठेवलं, चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढली आणि मावशीच्या सुनेकडं जाऊन झोपले.

मुलगी झाली, आणि जगली. एवढीशी होती. परभणीहून आली तेव्हा आमच्याच रानातल्या कापसात गुंडाळलेली, त्यातून फक्त नाक दिसत होतं. ती आता चांगली धडधाकट आहे, तिला पुस्तकांचा मनापासून कंटाळा आहे आणि ही गोष्ट तिला शंभरदा सांगून झालीय असं ती म्हणते. मामांच्या घरातलं दुसरीचं बोलणं त्यानंतर कुणी काढलं नाही, निदान माझ्या कानावर आलं नाही. माझी बाकावरची मैत्रीणही उन्हाळ्याच्या आधी शाळेत परत आली. मी तिला पुस्तक वाचायला दिलं, तर तिनं एका दिवसात संपवून परत आणलं. संकटात मिटायचा तिला प्रश्नच आला नाही.

राहिलेलं पुस्तक आम्ही आत्या सव्वा महिन्यानं बाळंतपणातून उठल्यावर पुरं केलं. जे ऐकायला बसले होते ते सगळे समाप्तीला पाहिजेत, म्हणून मामांनाही निरोप गेला. ते रानातले दोन गडीही घेऊन आले, एडक्याचं पुढं काय झालं ते ऐकायला. मावशीनं गुळाचा शिरा केला. दीपमाळ पेटली, मुलखात उजेड झाला, मी शेवटचं पान वाचलं आणि अर्थासाठी सगळे मावशीकडं बघायला लागले. मावशीनं डोळे पुसले. तिनं त्या पानाचा अर्थ सांगितलाच नाही. दवाखान्यात काय झालं ते सांगितलं.

बाळ झालं तेव्हा उजाडायचं होतं. नर्सबाईंनी पुसून, कापसात गुंडाळून ते माझ्या मायच्या मांडीवर दिलं. आत्यानं भिंतीकडं तोंड केलं. माय म्हणाली, बघ तर, पोरगी झालीय, रडतीय. आत्या बघेना. मावशीनं समजावलं, डॉक्टरीणबाई रागावल्या, तिनं मान वळवली नाही. डोळे गच्च मिटून पडून राहिली. का बघत नाही, ते त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं. मला विचारलं असतं तर मी सांगू शकले असते.

उजाडता उजाडता मामा पोचले. सायकल वाटेत पंक्चर झाली होती, निम्मी वाट ते ती ओढत आले होते. खोलीत माझे वडील होते, माय होती, मावशी होती. त्या सगळ्यांच्या देखत हा माणूस सरळ खाटेपाशी गेला. आजवर चारचौघांत बायकोशी एक शब्द न बोललेला. तो तिच्या कानाशी वाकला.

"निघाली ती," तो म्हणाला. "त्यानं फुकलं, अन् इस्तू फुलला."

आत्यानं डोळे उघडले. त्याच्याकडं बघत राहिली. मग विचारलं, "खाल्लं का तिनं?"

"भाकर खाल्ली."

तेव्हा ती या कुशीवर वळली, आणि हात पुढं करून तिनं पोरगी मागितली.